पाच हजारात एअरब्रश शिकता येईल का? (सांगली-मिरजकरांनो, मदत!)

कुपवाडकर | ११ मे, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट ड्यूटी करतो. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या होत्या. त्यानंतर वीस वर्षं घराच्या ग्रिलला ऑइलपेंट मारण्यापलीकडे ब्रश हातात धरलेला नाही. मागच्या महिन्यात मिरजेला एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाबाहेर एक बुलेट उभी, टाकीवर वाघाचा डोळा. अख्खा वाघ नाही, नुसता डोळा. बुबुळाच्या कडेला पिवळ्याचा हिरवा कुठं झाला ते बोट ठेवून दाखवता येईना, ब्रशचा फटकारा कुठंच नाही. मालक म्हणाला, एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंगाचा बारीक फवारा मारणारी पेनाएवढी गन. आत अक्षता पडत होत्या आणि मी बाहेर टाकीसमोर उकिडवा बसलेलो.

तेव्हापासून खूळ डोक्यात शिरलंय. सौ.नी पाच हजार मंजूर केलेत, वर एक रुपया नाही. तेवढ्यात गन, कॉम्प्रेसर, रंग सगळं बसेल का? की गप जलरंग घेऊ? आणि सांगलीत हे शिकवतं कोण?

नुसता_वाचक | ११ मे, रात्री ९:५०

रुमाल टाकून ठेवतो.

भडंगप्रेमी | ११ मे, रात्री १०:०५

लग्नात जेवला की नाही ते सांगा आधी.

थिनरकाका | ११ मे, रात्री ११:२०

बसतंय की पाच हजारात. पण तू उलट्या टोकानं मोजतोयस. गन केवढ्याला हे सगळे विचारतात, हवा केवढ्याला हे कोण विचारत नाही.

गन ड्युअल अॅक्शनच घे. दाबलं की हवा, मागं ओढलं की रंग. सिंगल अॅक्शन स्वस्त दिसते, पण तिच्यात रंग किती यायचा ते आधीच स्क्रूनं ठरवून ठेवावं लागतं, मग वाघाचा डोळा राहिला आणि भिंतीला चुना झाला. वरती वाटी असलेली घे. रंग स्वतःच्या वजनानं खाली उतरतो, कमी दाबावर चालते आणि चार थेंबांत काम होतं. नोझल ०.३ मिमी. ०.२च्या नादाला आत्ता लागू नको, रोज तुंबेल. चायनाची अशी गन बाराशे-पंधराशेत येते आणि शिकायला ती पुरते. हात बसला की मग बघ इवाटा नाहीतर बॅजर, नावाजलेल्या कंपन्यांच्या.

गॅरेजवाल्याची स्प्रे गन कोण स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नको. तिचं नोझल १.३-१.४ मिमी असतं. दार रंगवायला ठीक आहे.

हवेचं उद्या लिहितो, झोप आली.

टायर_ट्यूब | १२ मे, सकाळी ७:१५

काका झोपलेत तोवर मी सांगतो. कॉम्प्रेसर कशाला पाहिजे? गाडीची स्टेपनी आहे ना? ३५ पीएसआय भरून आणायची, व्हॉल्व्हला अॅडॉप्टर, पुढं पाइप, पुढं गन. कॉलेजात असताना आम्ही असंच करायचो. हवा फुकट, आवाज शून्य.

थिनरकाका | १२ मे, सकाळी ९:३०

चालतंय, मी पण केलंय. पण हिशेब घाल. टायरात जागा साधारण तीस लिटर. ३५ वरनं १५ वर उतरेपर्यंतचीच हवा तुझ्या कामाची, म्हणजे मोकळी केली तर चाळीस-एक लिटर. गन मिनिटाला आठ-दहा लिटर खाते. पाचेक मिनिटांत फुस्स. मग स्टेपनी डोक्यावर घेऊन पंपावर जायचं आणि हवावाल्यानं तिसऱ्या फेरीला विचारायचं, दादा पंक्चर कुठंय?

आणि नुसती ट्यूब कोणी वापरू नका. रिमवर चढवलेल्या टायरातच ती दाब धरते, मोकळी नुसती फुगत जाते.

कुपवाडकर | १२ मे, दुपारी २:१०

घरात आईचं नेब्युलायझर आहे. पंपच तो पण. चालेल का?

केकवाली_माधवनगर | १२ मे, दुपारी २:२५

दादा, आधी आईंना विचारा. त्याचा दाब फार कमी असतो, औषधाची वाफ करण्यापुरता. पाण्यासारखी शाई कशीबशी उडेल, रंग नाही. आणि एकदा रंगाच्या खोलीत वापरलेलं मशीन परत आईंच्या नाकाला लावणार का?

मी केकवर एअरब्रश करते, चार वर्षं झाली. माझा कॉम्प्रेसर तळहाताएवढा आहे, आवाज मिक्सरपेक्षा कमी, पंधरा-वीस पीएसआय देतो आणि केकला तेवढं रग्गड. मागच्या दिवाळीत मोठा घेतला म्हणून तो माळ्यावर पडून आहे. हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

एक महत्त्वाचं. केकची गन ती केकचीच. "धुऊन घेतली की काय होतंय" म्हणत रंगाची गन खाण्याच्या वस्तूला कोणी लावू नये. माझ्याकडे एकजण एका संध्याकाळपुरती मागायला आला होता, मी दारातूनच चहा पाजून पाठवला.

वायरमन_बापू | १२ मे, संध्याकाळी ६:४०

कशाला कुणाचा जुना घेताय. भंगारात फ्रीजचा कॉम्प्रेसर मिळतोय पाच-सहाशेला. बिनआवाजी, आयुष्यभर मरत नाही. जुनं फायर एक्स्टिंग्विशर टाकीला लावायचं, झालं. माझा नऊ वर्षं चालू आहे. २०१९च्या पुरात चार दिवस पाण्यात होता, वाळवला, तेल बदललं, परत चालू. नाद खुळा!

सेफ्टीवाला | १२ मे, रात्री ८:०२

बापू, असलं काही नवख्याला सांगू नका. फ्रीजच्या कॉम्प्रेसरला आपणहून थांबायची अक्कल नसते, तो दाब वाढवतच जातो. प्रेशर स्विच नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह नाही आणि आतून किती गंजलीय माहीत नसलेली टाकी. याला बॉम्ब म्हणतात.

वायरमन_बापू | १२ मे, रात्री ८:१९

स्विच आणि व्हॉल्व्ह आहे माझ्याकडं. लिहायचं राहिलं. मी काय येडा आहे काय.

सेफ्टीवाला | १२ मे, रात्री ८:३१

जे लिहायचं राहिलं तेच महत्त्वाचं होतं. आणखी एक राहिलं: त्या कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर तेलाचा अंश येतो. फिल्टर नसेल तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आणि घरगुती गॅसचं रिकामं सिलिंडर टाकी म्हणून कोणी विचारातही आणू नका, ते वेगळंच प्रकरण आहे.

भडंगप्रेमी | १२ मे, रात्री ८:३५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सॉरी, भडंग.

वायरमन_बापू | १२ मे, रात्री ९:१०

बरं बाबा. माझ्या घरी येऊन बघा, चहा घ्या, मग बोला. पोरा, तू ताईंचाच घे, तुझ्याच्यानं हे होणार नाही.

जुना_फोटो | १३ मे, सकाळी १०:४८

थोडं अवांतर.

बुलेटच्या टाक्या रंगवायचं हत्यार म्हणून सगळे याच्याकडे बघतात, पण याचा जन्म फोटोपायी झाला. १८७६ साली अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅन्ली यांनी फोटो रंगवायला रंगाचा फवारा उडवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. हेच स्टॅन्ली पुढं वाफेच्या मोटारींसाठी गाजले. मग १८७९मध्ये आयोवातल्या अॅबनर पीलर यांचं यंत्र आलं. हवा आणि रंग गनच्या आतच मिसळायची सोय चार्ल्स बर्डिक यांनी १८९३ साली आणली. तुम्ही जी हजार-बाराशेची घेणार तिची वंशावळ तीच.

आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. माणूस गेला की घरचे लोक पासपोर्टएवढा फोटो घेऊन यायचे, बऱ्याचदा ग्रुपमधून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात राहिलेला. वडील तो मोठा करायचे आणि तो हात एअरब्रशनं पुसायचे. मागं धुक्यासारखी राखाडी पार्श्वभूमी, डोक्याभोवती जरा उजळ. हवेला पायानं मारायचा पंप होता, तो मारायचं काम माझं. पंप थांबला की वडील मान वर न करता "हं" म्हणायचे. आजही आजूबाजूच्या खेड्यांत भिंतीवर तसले फोटो दिसले की मी आधी खांदा बघतो.

केकवाली_माधवनगर | १३ मे, सकाळी ११:०५

काय लिहिलंय दादा. आमच्या आजोबांच्या फोटोत मागं अगदी असंच धुकं आहे. आज जाऊन खांदा बघते.

हळदबाजार | १३ मे, दुपारी १२:३०

वाखूसा (वाचनखूण साठवली). मूळ मुद्द्यावर येऊ. सरावाला रंग कुठला? सांगलीत हळद स्वस्त आहे, पाण्यात कालवून उडवू का?

थिनरकाका | १३ मे, दुपारी १:१५

उडव की. हळद पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते. नोझल बसलंच म्हणून समज.

सरावाला फाउंटन पेनची शाई. पातळ करायला नको, तुंबत नाही, पाण्यानं धुऊन निघते. आठवडाभर वर्तमानपत्रावर नुसते ठिपके आणि रेघा. ठिपका बारीक पाहिजे तर गन जवळ आणि ट्रिगर कमी. लांब नेलीस की पसरट. मग एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला केसासारखी होत जाणारी रेघ. ती शंभरदा आली की मग वाघ.

पुढं अॅक्रिलिक. बाटलीतलं तसंच ओतू नको. दुधाइतकं पातळ करायचं, वाटीच्या कडेला लावलं की दुधासारखं ओघळलं पाहिजे, आणि जुन्या नायलॉन मोज्यातून गाळून घ्यायचं. दाब पंधरा ते पंचवीस. गेज बघायचं ते हवा सोडून, बंद गनला काटा जास्त दाखवतो.

पाठ करून ठेव: सुरू करताना हवा आधी, बंद करताना हवा शेवटी. रंग थांबव, हवा चालू राहू दे, मग बोट उचल. हे चुकलं की पुढच्या वेळी पहिला फवारा थुंकीच.

एक्सरे_मिरज | १३ मे, दुपारी ३:००

स्टेन्सिलला पैसे घालू नका. जुन्या एक्स-रे फिल्म ब्लीचच्या पाण्यात टाकून ठेवल्या की काळा थर सुटतो, खाली स्वच्छ जाड शीट मिळते. कटरनं कापा, पुसा, परत वापरा. आणि मिरजेत एक्स-रेला काय तोटा! गावातली निम्मी घरं दवाखान्याशी बांधलेली.

भडंगप्रेमी | १३ मे, दुपारी ३:०४

थर काढायच्या आधी फ्रॅक्चर कुणाचं ते बघून घ्या.

डेंटिंग_पेंटिंग | १४ मे, रात्री १०:३०

आत्ता वाचला धागा. गॅरेज आहे माझं, टाक्या करतो. मास्कबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

कापडी मास्कनं काही होत नाही. एन ९५ रंगाचे कण अडवतो, थिनरचा वास अडवत नाही. थिनरवाला रंग असेल तर काडतूसवाला मास्क (वास शोषणारे फिल्टरचे डबे लावलेला) आणि उघडी खिडकी पाहिजेच. टाकीवर शेवटी जो टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळलेला पारदर्शक चकाकीचा थर मारतात, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला घातक, ते घरात मारूच नका. ते काम माझ्यासारख्याकडं द्या, शंभर-दोनशे इकडं तिकडं.

स्वतःचं सांगतो. सुरुवातीला घरीच करायचो, पुढच्या खोलीत. खोलीच्या कोपऱ्यात देवघर, खिडक्या बंद, कारण धूळ बसते. एका संध्याकाळी आईनं समई लावली आणि मी गन धुवायला थिनर ओतत होतो. भप्प करून निळा जाळ समईपासून माझ्या वाटीपर्यंत आला. भुवया गेल्या. आई आजपण पाहुण्यांना सांगते, देवानं वाचवला म्हणून. माझं मत वेगळं आहे, पण मी गप्प बसतो.

कुपवाडकर | ७ जून, रात्री ११:५५

मंडळी, अपडेट. ताईंचा कॉम्प्रेसर आणला, गन ऑनलाइन मागवली. तीन आठवडे शाईनं ठिपके मारतोय. सेकंड शिफ्टवरून आलो की अर्धा तास. सौ. म्हणते, वर्तमानपत्राला देवी आल्यात.

परवा अॅक्रिलिक घातलं आणि वाट लागली. वाटीत बुडबुडे यायला लागले, रंग थुंकल्यासारखा यायला लागला. सगळं खोललं, बेसिनमध्ये धुवायला घेतलं आणि नोझल गेलं. ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान असतंय हो ते! बेसिनखालचा पाइप रात्री साडेबाराला सोडवला. एक हेअरपिन, सौ.चं हरवलेलं कानातलं आणि बरंच काय काय निघालं. नोझल नाही. सोन्याचं कानातलं सापडलं म्हणून माझ्यावर कोणी ओरडलं नाही इतकंच.

थिनरकाका | ८ जून, सकाळी ६:५०

हाहाहा. बसला का हात!

वाहत्या पाण्याखाली गन कधीच उघडायची नाही. ताटात पांढरा कपडा अंथरून त्यावर. नोझल सुटं मिळतं, एकदम दोन मागव.

वाटीत बुडबुडे म्हणजे हवा रंगाच्या वाटेत घुसतेय. एक तर पुढं वाळलेला रंग अडकलाय नाहीतर नोझल नीट बसलेलं नाही. आट्यांना मेणाचा हलका हात मार, मधमाशीचं मेण, नाहीतर बायकोचं लिप बाम. फार आवळू नको, चायनाची पितळी आटी लगेच चिरते. सुईचं टोक नखावर हळूच ओढून बघ, खरखरलं तर वाकलंय.

केकवाली_माधवनगर | ८ जून, सकाळी ९:१२

आणि दादा, अर्धा तास रंगवलंत तर पंधरा मिनिटं धुण्याची धरा. रंग बदलताना वाटी पुसा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा. मी पहिल्या वर्षी रंगवायला कमी आणि धुवायला जास्त शिकले.

सेफ्टीवाला | ८ जून, सकाळी १०:००

पाऊस तोंडावर आलाय. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि मधेच टप्पकन थेंब पडून काम खराब करतं. मॉइश्चर ट्रॅप लावला नसेल तर आता लावा. पाइप लांब ठेवा, हवा गार होऊन पाणी ट्रॅपमध्येच पडेल. दर वेळी काढून टाका.

वायरमन_बापू | ८ जून, सकाळी १०:२०

याच्याशी सहमत. (लिहून ठेवा तारीख.)

आखणीकर | ९ जून, रात्री ९:००

शिकवतं कोण, हा मूळ प्रश्न महिनाभर तसाच पडलाय, बाकी सगळ्यावर चर्चा झाली.

आमचा गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासूनचा. क्लास वगैरे नाही. पण आता तीन महिने रोज गन चालते. पितांबराच्या निऱ्या, सोंडेच्या कडेची सावली, गालावरची लाली, सगळं फवाऱ्यानं. डोळ्यांची आखणी मात्र आजही ब्रशनं, आणि ती वडील सोडून कोणी करत नाही. त्या वेळी पंखापण बंद असतो.

शिफ्ट सुटली की या. पैसे घेणार नाही, देणारही नाही. हात बघू, मग काय द्यायचं ते ठरवू.

कुपवाडकर | १० जून, सकाळी ६:३०

दादा, आज फर्स्ट शिफ्ट आहे. चारला येतो.

नुसता_वाचक | २ ऑगस्ट, दुपारी १:००

काय झालं पुढं? रुमाल अजून टाकलेला आहे.

कुपवाडकर | ३ ऑगस्ट, रात्री १०:४५

आहे, जिवंत आहे.

आधी हिशेब, कारण धागा त्यासाठीच काढला होता. गन १,३५०. ताईंचा कॉम्प्रेसर २,२००. ट्रॅप ३५०. दोन नोझल १८०. अल्कोहोल ३००, शाई १२०, काडतूसवाला मास्क ६५०. एकूण ५,१५०. वरचे दीडशे मी शिफ्टच्या चहात बसवले. अॅक्रिलिक धरलं नाही, ते मुलीच्या शाळेच्या खात्यात गेलं.

कारखान्यात पहिला आठवडा मी फक्त गन धुतल्या. दिवसाला सात-आठ. दुसऱ्या आठवड्यात मूर्तीखालचा पाट आणि आसनं. तिथं कळलं की वर्तमानपत्र सपाट असतं, मूर्ती नसते. मनगट धरून गन फिरवली की वळणावर एका जागी रंग साचतो आणि ओघळतो. आखणीकरांनी खांद्याला धरून हलवलं, म्हणाले हात खांद्यातून जाऊ दे, मनगट मेलं असं समज. तीन पाट पुसून परत केले तेव्हा जमलं.

त्यांचे वडील रोज संध्याकाळी येऊन बघायचे, बोलायचे काही नाहीत. परवा माझ्यासमोर एक उंदीर ठेवला. मूर्तीशेजारचा, लाडू धरलेला. राखाडीवर पोटाला पांढरट करायचं, कानाच्या आत गुलाबी. कान माझ्या करंगळीच्या नखाएवढा. दाब बारापर्यंत उतरवला, श्वास धरला, दोन थेंब गुलाबी. कानाच्या कडेला येता येता रंग विरला. म्हणजे खरंच विरला, रेघ नाही! मी तसाच बसून राहिलो. म्हातारबुवांनी उंदीर उचलला, बल्बखाली फिरवला, खाली ठेवला आणि पलीकडची फळी दाखवली. त्यावर ओळीनं पांढरे उंदीर.

वाघाचा डोळा राहिलाय अजून.

जुना_फोटो | ३ ऑगस्ट, रात्री ११:०२

म्हातारबुवा "हं" म्हणाले का?

कुपवाडकर | ३ ऑगस्ट, रात्री ११:०६

तेवढंच म्हणाले.

डेंटिंग_पेंटिंग | ४ ऑगस्ट, सकाळी ८:१५

विसर्जन झालं की गॅरेजवर ये. डेंट पडलेली एक टाकी आहे, तिच्यावर वाघ काढ, साप काढ, काय वाटेल ते. क्लिअर मी मारतो.

आखणीकर | ४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

विसर्जनाचं नंतर बघा. कुपवाडकर, उद्या तुमची सुट्टी आहे ना? सहाला या. एकशे दहा उंदीर बाकी आहेत आणि कानाचा गुलाबी संपलाय, येताना घेऊन या.